‘दहा’ म्हणजे कशात दहा? प्रतिमेतली वारंवारता आणि तिची एककं

मागच्या वेळी आपण डिजिटल प्रतिमा म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ता, इथपर्यंत आलो होतो. आज त्या तक्त्यात उजेड-काळोख किती वेळा बदलतो ते मोजायचं आहे. म्हणजे वारंवारता. पण खरं सांगायचं तर आज मी वारंवारतेपेक्षा तिच्या एककांवर जास्त बोलणार आहे. गणित बहुतेकांना जमतं हो, घोटाळा एककात होतो. आणि तो घोटाळा कागदावर राहत नाही, तो शेतापर्यंत जातो. कसा जातो ते पुढे बघूच.

वारंवारता म्हटलं की आपल्याला आधी आठवतो रेडिओ, नाहीतर घरातली वीज. सेकंदाला ५० आवर्तनं. तिथं एककाची भानगड नसते, कारण ‘सेकंदाला’ हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं आहे. पन्नास हर्ट्झ म्हटलं की सक्करदऱ्यातही तेच आणि सोलापुरातही तेच. चित्रात मात्र सेकंद नसतो, जागा असते. डावीकडून उजवीकडे जाताना किती अंतरात एक उजळ आणि एक गडद पट्टा येऊन जातो, हा इथला प्रश्न. म्हणून तिला अवकाशीय वारंवारता म्हणतात. इथं अवकाश म्हणजे जागा बरं का, अंतराळ नव्हे. शब्द थोडा फसवा आहे, पण ‘स्थानिक वारंवारता’ म्हणावं तर ती स्थानिक बातम्यांसारखी वाटते, म्हणून मी हाच चालवतो.

आता जागा कशात मोजायची? मीटरमध्ये मोजता येते, मिलिमीटरमध्ये येते, इंचात येते. पिक्सेलमध्ये येते. अख्ख्या चित्राची रुंदी हेच एक माप धरता येतं. डोळ्याशी होणाऱ्या कोनातही मोजता येते. त्यामुळे कोणी म्हणालं, ‘या चित्रातली वारंवारता दहा आहे’, तर ते वाक्य अर्धंच झालं. कशात दहा?

कापडापासून सुरुवात करू. नागपूरला कापड नवं नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली इथंच सुरू झाली, आणि हातमागावरचे कोष्टी विणकर तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनचे. कापड किती घट्ट विणलंय हे विणकर कसं सांगतो? इंचाला अमुक धागे. हीच ती अवकाशीय वारंवारता, एककासकट. एक धागा आणि त्याच्या शेजारची फट मिळून एक आवर्तन. फुरिएचं नावही न ऐकलेला माणूस ती रोज अचूक वापरतो, कारण तो ‘साठ’ म्हणून थांबत नाही, ‘इंचाला साठ’ म्हणतो.

त्या इंचाला ६० धाग्यांच्या साडीचा मोबाइलवर फोटो काढा. समजा जवळून काढला आणि साडीवरच्या एका इंचात फोटोचे २४० पिक्सेल बसले. म्हणजे एका धाग्याला चार पिक्सेल. उलट करून म्हणायचं तर पिक्सेलला ०.२५ आवर्तनं. आता चार पावलं मागं सरका. इंचात १०० च पिक्सेल बसले. साडी तीच, धागे तेच, इंचाला ६० या आकड्याला धक्काही लागलेला नाही. पण पिक्सेलला आता ०.६ आवर्तनं झाली.

हे नीट लक्षात घ्या. ‘इंचाला ६०’ हा गुण साडीचा आहे. ‘पिक्सेलला ०.६’ हा गुण साडीचा नाही आणि एकट्या कॅमेऱ्याचाही नाही, तो त्या दोघांच्या त्या क्षणीच्या नात्याचा आहे. दोघांमधला पूल एकच: एका इंचात किती पिक्सेल. तो आकडा हरवला की फोटोवरून साडीबद्दल काहीच मोजून सांगता येत नाही.

पण हा पिक्सेलचा आकडा टाकाऊ नाही, उलट एक महत्त्वाची गोष्ट फक्त तोच सांगतो. एक आवर्तन दाखवायला निदान दोन पिक्सेल हवेत, एक उजळ भागासाठी, एक गडद भागासाठी. म्हणून पिक्सेलला ०.५ आवर्तन ही हद्द. नायक्विस्टने १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात ही गोष्ट मांडली, शॅननने १९४९ मध्ये ती आज आपण शिकतो त्या रूपात आणली, आणि ती चित्रालाही तंतोतंत लागू पडते. कॅमेरा कितीही महाग असो, ही हद्द पिक्सेलच्या एककात ०.५ च राहते.

हद्द ओलांडली तर काय होतं? अनेकांना वाटतं की बारकावा नुसता पुसट होतो. पुसट झाला असता तर बरं होतं. तो वेश बदलून येतो. पिक्सेलला ०.६ आवर्तनं आणि पिक्सेलला ०.४ आवर्तनं यांचे नमुने पिक्सेलच्या जागांवर एकसारखेच पडतात, त्यामुळे संगणकाला ०.६ हे ०.४ दिसतं. इंचात १०० पिक्सेल, म्हणजे इंचाला ४० धागे. साठ धाग्यांची साडी चाळीस धाग्यांची झाली! अजून मागं जा, इंचात ६४ पिक्सेल. साठला चौसष्टने भागलं की साधारण ०.९४, ते एकातून वजा केलं की ०.०६. त्याचे पुन्हा इंच केले तर इंचाला चार. साडीवर अस्तित्वातच नसलेले इंचाला चार जाड पट्टे. बारीक रेघांचा शर्ट घातलेला निवेदक टीव्हीवर आला की त्याच्या शर्टावर लाटा पोहताना दिसतात, त्या याच.

इंग्रजीत या खोट्या वारंवारतेला एलियास म्हणतात. मी तिला तोतया म्हणतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला होता, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तोतयाची खरी अडचण ही की एकदा तो चित्रात शिरला की खऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. त्याला आधीच दारात अडवावं लागतं.

आता वरून खाली बघू. सक्करदरा तलाव मधोमध ठेवून उपग्रहाच्या प्रतिमेतून ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोन कापला, आणि त्याचं फुरिए रूपांतर केलं. संगणक परत ५१२ बाय ५१२ घरांचा तक्ता देतो. प्रत्येक घर म्हणजे एक वारंवारता. त्यातलं दहा क्रमांकाचं घर, शून्यापासून मोजत, खूप उजळ आलं. याचा अर्थ काय? अर्थ एवढाच की चित्राच्या पूर्ण रुंदीत दहा आवर्तनं आहेत. संगणकाला याहून जास्त माहीतच नाही. त्याला तलाव ठाऊक नाही, मीटर ठाऊक नाही.

चित्र सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं, पिक्सेल १० मीटरचा, असं असेल तर चौकोनाची रुंदी ५,१२० मीटर, आणि एक आवर्तन ५१२ मीटरचं. चित्र एक मीटर पिक्सेलचं असेल तर रुंदी ५१२ मीटर, आवर्तन ५१.२ मीटरचं. एकात मोठमोठ्या वस्त्यांची ये-जा मोजली जातेय, दुसऱ्यात गल्ल्यांची. घर तेच, दहावं.

हिशोब दोन भागाकारांचा आहे. घराचा क्रमांक भागिले पिक्सेलची संख्या, हे झालं पिक्सेलला आवर्तनं. त्याला पिक्सेलच्या मीटरमधल्या रुंदीने पुन्हा भागा, हे झालं मीटरला आवर्तनं. दुसरा भागाकार करायला माणसं विसरतात, आणि मग दोन वेगवेगळ्या उपग्रहांच्या चित्रांची तुलना ‘दहावं घर विरुद्ध दहावं घर’ अशी होते. अशी तुलना म्हणजे एकाचे पैसे रुपयात आणि दुसऱ्याचे डॉलरमध्ये मोजून कोण श्रीमंत ते ठरवण्यासारखं.

इथंच आणखी दोन-तीन खड्डे आहेत, भराभर सांगतो. ५१२ घरांपैकी ५०० क्रमांकाचं घर म्हणजे ५०० आवर्तनं नव्हेत. अर्ध्याच्या पुढची घरं ऋण वारंवारतेची, म्हणून ५०० म्हणजे उणे १२. चित्र चौरस नसेल, समजा १०२४ बाय ५१२ असेल, तर आडवं दहावं घर आणि उभं दहावं घर यांची वारंवारता वेगळी. तक्त्यावर कंपासने छान वर्तुळ काढून गाळणी बसवली, तर जमिनीवर ती गाळणी लंबवर्तुळ निघते. आणि चित्राभोवती शून्यांची काळी किनार जोडून ५१२ चे १०२४ केले, की जे दहाव्या घरात होतं ते विसाव्यात जातं. वस्तू जागची हललेली नाही. मीटरच्या एककात लिहिलं असतं तर यातला एकही खड्डा लागला नसता.

(श्रोत्यांमधून एक गृहस्थ: “सर, आमचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा हाय. दोन झाडाइच्या मंधात सहा मीटर. मंग ते झाडं उपग्रहाले दिसते का नाही?”)

वा! मी ज्या उदाहरणाकडे येणारच होतो ते तुम्हीच दिलंत.

नागपुरी संत्र्याची पारंपरिक लागवड सहा बाय सहा मीटर. एका झाडाला ३६ चौरस मीटर, म्हणून हेक्टरला साधारण २७७ झाडं. बाग म्हणजे जमिनीवर विणलेलं कापडच आहे: झाडांची ओळ म्हणजे धागा, मधली जमीन म्हणजे फट. ओळींना काटकोनात चालत गेलात तर सहा मीटरला एक आवर्तन, म्हणजे किलोमीटरला सुमारे १६७. हा बागेचा स्वतःचा आकडा. कोणता उपग्रह वरून जातोय याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता उपग्रहांची हद्द त्याच एककात मांडू. आपल्या रिसोर्ससॅट मालिकेतले कॅमेरे घ्या. लिस-३ चा पिक्सेल २३.५ मीटरचा. दोन पिक्सेल म्हणजे ४७ मीटर, म्हणून त्याची हद्द किलोमीटरला २१. लिस-४ चा पिक्सेल ५.८ मीटरचा, हद्द किलोमीटरला ८६. कार्टोसॅट-१, जो २००५ साली गेला, त्याचा पिक्सेल अडीच मीटरचा, हद्द किलोमीटरला २००. बागेचा आकडा १६७. उत्तर समोरच आहे: पहिल्या दोघांना ओळी वेगळ्या दिसणं शक्य नाही, तिसऱ्याला तत्त्वतः शक्य आहे. बाग आहे, हिरवी आहे, किती एकर आहे, हे लिस-३ सुद्धा सांगेल. पण झाडं मोजायची नाहीत त्याच्यावरून. एकक एक केल्याबरोबर प्रश्न तोंडी सुटला की नाही?

लिस-४ जवळ जरा थांबू, तिथं मौज आहे. पिक्सेल ५.८ मीटरचा आणि ओळी सहा मीटरवर. जवळजवळ सारखंच. पिक्सेलला ०.९६७ आवर्तनं. तोतया किती? एकातून वजा करा, ०.०३३. म्हणजे तीस पिक्सेलला एक आवर्तन, म्हणजे १७४ मीटरचा पट्टा! सहा मीटरच्या ओळींचे पावणेदोनशे मीटरचे पट्टे. मग काटोलच्या बागांवर असे पट्टे आपण बघतो का? सहसा नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पिक्सेल म्हणजे टाचणीचं टोक नव्हे, तो सगळ्या ५.८ मीटरच्या चौकोनातला उजेड गोळा करतो. त्या चौकोनात जवळजवळ एक पूर्ण आवर्तन बसतं, त्यामुळे झाड आणि जमीन यांची सरासरी होऊन जाते. फक्त या सरासरीचा हिशोब केला तर मूळ फरकातला सुमारे साडेतीन टक्केच शिल्लक राहतो, आणि भिंगामुळे तोही आणखी घटतो. कॅमेऱ्याने तोतयाला दारातच अडवलं.

पण मंडळी, संगणकावर बसलेला माणूस त्याला मागच्या दाराने आत घेतो. कसा ते बघा.

समजा तुमच्याकडे एक मीटर पिक्सेलची उत्तम प्रतिमा आहे. ओळी सहा पिक्सेलवर, स्वच्छ दिसतायत. पण फाइल जड. म्हणून कोणीतरी ती हलकी करायला दर पाचवा पिक्सेल ठेवतो, मधले फेकतो. सरासरी नाही, नुसते फेकतो. आता पिक्सेल पाच मीटरवर. पिक्सेलला आवर्तनं किती? पाच षष्ठांश, ०.८३. हद्दीच्या बाहेर. तोतया एक षष्ठांश, म्हणजे सहा पिक्सेलला एक, म्हणजे तीस मीटरला एक. चित्र बघा तर बाग अगदी सुंदर, ओळी ठसठशीत, फक्त तीस मीटर अंतरावर. दोन्ही दिशांनी पाचपट. हेक्टरला २७७ झाडांची ११ झाडं झाली.

दर पाचव्याऐवजी दर सहावा पिक्सेल ठेवला तर आणखी गंमत. प्रत्येक पिक्सेल बरोबर त्याच जागी पडतो. सुरुवात झाडावर झाली असेल तर सगळं शेत हिरवंगार जंगल, दोन ओळींच्या मधल्या जमिनीवर झाली असेल तर सगळं शेत उघडं. एकच बाग, एकच दिवस, फक्त सुरुवातीचा पिक्सेल तीन घरं सरकवला. नुकसानीचा अंदाज, विमा, कर्जासाठी झाडांची मोजणी, या कामांत प्रतिमा वापरल्या जातात तेव्हा या एका ‘फाइल हलकी करा’ बटणामागे किती काय असतं याची तुम्ही कल्पना करा.

यावर उपाय आधी गाळणी, मग फेकणं. सोपी गाळणी म्हणजे पाच बाय पाच पिक्सेलची सरासरी. पण ती पुरेशी नाही. सहा मीटरच्या आवर्तनावर पाचांची सरासरी केली तर फरकाचा एक पंचमांश भाग तरीही उरतो, आणि तो तोतया होतोच. मंद का होईना, तीस मीटरचे पट्टे दिसतात. म्हणून मोजून-मापून गाळणी लावायची. नवा पिक्सेल पाच मीटरचा, त्याची हद्द दहा मीटरला एक आवर्तन, म्हणजे जुन्या प्रतिमेच्या भाषेत पिक्सेलला ०.१. त्याच्या वरचं सगळं अडवा.

झालं? नाही. आता तो ०.१ संगणकाला सांगायचा आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात वाईट अव्यवस्था इथं आहे. नमपायमधलं एफएफटीफ्रेक हे फंक्शन घेतलं तर तिथं हद्द ०.५. पिक्सेलला आवर्तनं, आपण आत्तापर्यंत बोलतोय तेच एकक. सायपायमधलं एफआयआरविन हे फंक्शन घेतलं आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर तिथं हद्द १. मॅटलॅबच्या गाळण्यांमध्येही हद्द १. पाठ्यपुस्तक उघडलं तर तिथं रेडियनचा हिशोब, हद्द पाय, म्हणजे ३.१४. त्यामुळे आपला एकच ०.१ एका ठिकाणी ०.१ लिहायचा, दुसऱ्या ठिकाणी ०.२ आणि पुस्तकात ०.६२८. तिन्ही बरोबर, आणि एकाच्याही पुढे एकक छापलेलं नसतं!

आता बघा काय घडू शकतं. कोणीतरी मॅटलॅबमधून ०.२ हा आकडा उचलला आणि ‘पिक्सेलला आवर्तनं’ समजणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकला. गाळणी ०.२ पर्यंतचं सगळं आत सोडणार. बागेची वारंवारता किती? सहा पिक्सेलला एक, म्हणजे ०.१६७. ती गाळणीतून सुखाने आत जाते आणि पलीकडे तोतया होऊन बाहेर येते. गाळणी लावली, अहवालात तसं लिहिलंही, आणि झाडं तरीही अकराच. उलटी गफलत केली तर हद्द ०.०५ वर जाऊन चित्र नाहक धूसर होतं, पण निदान खोटं बोलत नाही. दोन चुकांमधली एक निवडायचीच असेल तर मी ही निवडीन.

दिशेबद्दल दोन वाक्यं. प्रतिमेतल्या वारंवारतेला दिशा असते, ती आडवी इतकी आणि उभी इतकी अशा दोन आकड्यांत सांगावी लागते. बागेच्या ओळी चित्राच्या कडेला तिरक्या असतील, समजा ३० अंशांनी, तर चित्राच्या आडव्या रेघेवर मोजलेलं अंतर सहा नाही, ६.९ मीटर भरतं. आणि चौरस लागवडीत कोपऱ्याकडून बघितलं तर ४.२४ मीटरवरही ओळी दिसतात, बैल-जोडीने आडवी, उभी आणि तिरपी वखरणी केलेल्यांना हे सांगायला नको. बाग एकच, पण तक्त्यात तिची तीन-चार घरं उजळतात.

आता ज्या ‘मीटर’वर मी इतका विश्वास टाकला, त्याच्याकडेही जरा संशयाने बघू. मोबाइलवर आपण जे नकाशे बघतो ते बहुतेक वेब मर्केटर या प्रक्षेपणात असतात. त्यात विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसं सगळं फुगतं. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तरेला, तिथं ही फूग सुमारे सात टक्के. नकाशाच्या अठराव्या पातळीवर पिक्सेल ०.५९७ मीटरचा असं लिहिलेलं सापडतं. ते विषुववृत्तावर खरं आहे. नागपुरात तो पिक्सेल ०.५५७ मीटरचा असतो. कोणी ०.५९७ धरून बागेच्या ओळी मोजल्या तर सहाऐवजी ६.४३ मीटर येतील. फार नाही वाटत ना? पण क्षेत्रात तो फरक दोनदा लागतो. हेक्टरला २७७ ऐवजी २४२ झाडं. पस्तीस झाडं गेली, आणि एकही तोडली नाही.

म्हणून मोजणीला यूटीएमसारखं मीटरचं प्रक्षेपण घ्यावं. नागपूर त्याच्या ४४ व्या पट्ट्यात येतं, अमरावती शहर ४३ व्या. सीमा ७८ अंश रेखांशावर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या मधूनच जाते. दोन जिल्ह्यांच्या प्रतिमा जोडताना ही गोष्ट विसरलात तर ओळींची दिशा थोडी फिरलेली दिसेल, घाबरू नका.

बाकीची एककं थोडक्यात. भिंगवाले ‘मिलिमीटरला रेघांच्या जोड्या’ म्हणतात. तिथं एक जोडी म्हणजे एक काळी आणि एक पांढरी, आपलं एक आवर्तन. पण टीव्हीच्या जुन्या पद्धतीत काळी रेघ वेगळी आणि पांढरी वेगळी मोजत. त्यामुळे आकडा आपोआप दुप्पट, आणि जाहिरातीला तो अर्थातच जास्त आवडायचा. डोळ्यांचे डॉक्टर ‘अंशाला आवर्तनं’ वापरतात. सहा बाय सहा दृष्टी म्हणजे एका कलेचा, अंशाच्या साठाव्या भागाचा, बारकावा ओळखणं. दोन कलांचं एक आवर्तन, म्हणून अंशाला ३०. या एककात अंतर आपोआप येतं. मोबाइल ३० सेंटिमीटरवर धरला तर एक अंश म्हणजे पडद्यावरचे सव्वापाच मिलिमीटर. तोच मोबाइल दूर धरला तर त्याच अंशात जास्त पडदा बसतो, म्हणून अंशाला आवर्तनं वाढतात आणि अक्षरं वाचेनाशी होतात. पिक्सेल काही कमी झाले नाहीत.

(पुन्हा तेच गृहस्थ: “सर, माही बाग एकच एकर हाय. डोरोननं फोटो काढला तं बरोबर अंतर निंगन का?”)

ड्रोनच्या फोटोत पिक्सेल सहज पाच सेंटिमीटरचा येतो. तुमच्या सहा मीटरमध्ये १२० पिक्सेल बसतील, पिक्सेलला ०.००८ आवर्तनं, तोतयाची चिंताच नको. पण फुरिए रूपांतराची दुसरी एक हद्द आहे, ती पिक्सेलवर नाही, शेताच्या लांबीवर ठरते. एक एकर चौरस असलं तर बाजू साधारण ६४ मीटर. त्यात सहा मीटरची १०.७ आवर्तनं. घरं मात्र पूर्णांकांचीच: दहावं घर म्हणतं ६.४ मीटर, अकरावं म्हणतं ५.८. उजेड दोन्हींत वाटला जाणार. झाडांच्या भाषेत हेक्टरला २४४ की २९७, एवढी मोठी फट. ड्रोन आणखी खाली उडवून, पिक्सेल आणखी बारीक करून ही फट बुजत नाही. शेतच लहान आहे. दोन घरांतल्या उजेडाच्या प्रमाणावरून मधला आकडा काढायच्या युक्त्या आहेत, त्या पुढच्या वेळी घेऊ. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. एका ओळीत पहिल्या झाडाच्या बुंध्यापासून शेवटच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत टेप लावा, आणि जे येईल त्याला झाडांच्या संख्येने नाही, झाडांच्या संख्येतून एक वजा करून भागा. अकरा झाडांत अंतरं दहाच असतात.